लीलाबाईंचा डबा

१२ जानेवारी, रविवार. यवतमाळ

तिसरा डबा आला तेव्हा दोघी अजून रडतच होत्या. मी डबा घेतला. झाकण उघडून पाहिलं. पिठलं. वर फडक्यात बांधलेल्या भाकरी. आधीच्या दोन डब्यांतही पिठलंच होतं.

हा डबा लीलाबाईंचा. त्या समोरच्या दारात राहतात. डबा देताना त्यांनी फक्त मान हलवली. त्यांच्या मागे जिन्यात पाच-सहा माणसं उभी होती. कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

झालं ते असं. दुपारी माझ्या बायकोची, बिजलीची, धाकटी बहीण जमनी आली. ती याच शहरात, पार दुसऱ्या टोकाला, मुलाकडे राहते. बहिणींची भेट दोन वर्षांत नव्हती. दारातच गळ्यात गळा घातला आणि सुरू केलं. आमच्यात बायका खूप दिवसांनी भेटल्या की रडतात. मोठ्याने, चालीवर. एक म्हणते, दुसरी धरून ठेवते. कोण कसं आहे, कुणाचं काय झालं, आई असती तर काय म्हणाली असती, सगळं त्यात येतं. मग डोळे पुसतात आणि चहा मांडतात. आमच्या बंजारा तांड्यात कुणी मान वळवून बघत नाही.

इथे तळमजल्यावरचे किसनराव चप्पल न घालता वर आले. बिल्डिंगमधले वडीलधारे गृहस्थ. त्यांनी माझा दंड धरला.

"गुरुजी, कोण गेलं?"

"कोणी नाही. मेहुणी आली आहे."

"हो, हो." त्यांनी दंड सोडला नाही. "आत्ता बोलू नका. सावकाश."

आत जमनीचा आवाज चढला. याडी, ए याडी.

"याडी म्हणजे माय न? मी दिग्रसले होतो नोकरीत. वहिनीची माय गेली काय?"

समजावून सांगायला वेळ लागला असता. जिन्यात माणसं होती, सगळी इस्त्रीच्या कपड्यांतली. 'आमच्यात अशी रीत आहे' हे वाक्य तोंडात तयार होतं. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. नवीन साहेब विचारायचे, सर, तुम्ही पुण्याकडचे का? ते वाक्य बाहेर आलं नाही.

मी "हो" म्हणालो.

तसं खोटं नाही. सासूबाई गेल्याच आहेत. दहा वर्षं झाली.

रात्री तिन्ही घरचं पिठलं तिघांनी खाल्लं. जमनी म्हणाली, "बाई, तुह्या बिल्डिंगचे लोकं लय चांगले हायत. पाहुनी आली का जेवन पाठवतात."

"शहर हाय न," बिजली म्हणाली.

मी भाकरी मोडत राहिलो. दोन दिवसांत विसरतील.

१३ जानेवारी

कशासाठी आलो ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे विचार नीट होईल.

मी मे महिन्यात निवृत्त झालो. दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला जातो. घरांना कुलपं लागतात. मागे म्हातारी माणसं, कोंबड्या आणि आम्ही. मुलगा प्रेम पुण्यात. तो म्हणतो, महागावला राहून काय करता, निदान दवाखाना जवळ असेल अशा ठिकाणी राहा. माझ्याबरोबर शिकवायला असलेला देवीलाल नागपूरला लेकीकडे गेला. त्याचा हा फ्लॅट रिकामा होता. म्हणाला, महिनाभर राहून बघ. पटलं तर तूच घे, नाहीतर महिनाअखेर किल्ली दे.

मला पटतं की नाही ते कळत नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं आहे. बिजलीला इथे बायका मिळाल्या तर राहायचं. ती एकटी पडली तर परत. तिला हे सांगितलेलं नाही.

ती इथे आल्यापासून माझ्याशीसुद्धा मराठीत बोलते. आम्ही घरात कायम गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत, बोलत आलो. काल म्हणाली, "नळ आला हाय, बादली लावा." मला क्षणभर वाटलं घरात कुणी दुसरं आहे. थट्टा करत असावी.

१४ जानेवारी, संक्रांत

शहर शांत आहे. एवढं शांत असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मुलं जिन्यात क्रिकेट खेळायची, आता नाही. आज गच्चीवर पतंग उडवत होती. मी वर गेलो तर एका मुलाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं आणि सगळी गप्प झाली. शिस्त आहे.

सगळे हळू आवाजात बोलतात. किसनराव भेटले. "जेवलात का?" एवढंच विचारलं आणि पाठीवर हात ठेवला. खाली चार बाया तीळगूळ वाटत होत्या. मी जवळून गेलो. कुणी दिला नाही. मागितला असता तर दिला असता कदाचित. तीळगूळ मागायचा कसा?

नोकरीत असताना आज शाळेच्या दारात मुलांची रांग लागायची. तीळगूळ घ्या गुरुजी, आणि पाया पडायची. इथे मला कुणी ओळखत नाही, तेव्हा ठीकच आहे.

बिजली हिरवी साडी नेसून दिवसभर पुढच्या खोलीत बसली होती. कुठे जायचं आहे का विचारलं. नाही म्हणाली. दार मात्र उघडं ठेवलं होतं.

१६ जानेवारी

सकाळी चालायला गेलो. हवा गार. आर्णी रोडने कापसाच्या गाड्या येत होत्या, रस्त्याच्या कडेला काटेरी झुडपांना कापूस लागलेला. दत्त चौकात तर्री पोहे खाल्ले. परत येताना चुकलो. एका औषधाच्या दुकानाजवळ वळायचं होतं. औषधाची दुकानं एवढी आहेत की त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

वाचनालयात गेलो. पेपर वाचणारी म्हातारी माणसं. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. मी बसलो ती कुणाची तरी होती. ते गृहस्थ येऊन उभे राहिले. मी उठलो. ते "बसा बसा" म्हणाले आणि बसले. नंतर विचारलं, "कुठले?" महागाव म्हणालो. "अच्छा, पुसद साइड," म्हणाले आणि पेपर उलटला. तांडा म्हणायची वेळ आली नाही. बरं वाटलं की वाईट, ते ठरवत घरापर्यंत आलो.

संध्याकाळी लीलाबाईंकडे हळदीकुंकू होतं. आमच्या दारासमोर चपलांचा ढीग. आतून हसण्याचा आवाज येत होता. बिजली स्वयंपाकघरात होती. गॅस बंद होता.

१८ जानेवारी

आज जे झालं ते मनातून जात नाही.

बिजलीने तिळाचे लाडू केले. तिन्ही डबे घासून, भरून माझ्याकडे दिले. "रिकामा डबा कसा द्याचा? नेऊन द्या. मी गेली तर त्यायले वाटन, हळदीकुंकवाले बोलावलं नाही म्हनून दाखवाले आली."

मी लीलाबाईंचं दार वाजवलं. डबा पुढे केला. त्यांनी झाकण काढलं. लाडू पाहिले. चेहरा बदलला.

"सर, हे राहू द्या. इतक्यात नको."

"घरचे आहेत."

"ते माहीत हाय न. पन इतक्यात नाही चालत." त्यांनी ताट आणलं, लाडू एकेक करून त्यात काढले आणि ताट माझ्या हातात दिलं. रिकामा डबा ठेवून घेतला. वरून म्हणाल्या, "वहिनीले म्हना, मनाले लावून घेऊ नका."

बाकीचे दोन डबे मी दिलेच नाहीत.

आमच्या हातचं चालत नाही. एवढं मला कळतं. नोकरीत पहिल्या शाळेवर माझा पेला वेगळा ठेवला होता. पण ती गोष्ट खेड्यातली आणि जुनी. त्यांचं पिठलं आम्ही खाल्लं. त्यांनी ते घरी आणून दिलं. देणं चालतं आणि घेणं चालत नाही, याचा अर्थ मला लावता येत नाही. आणि बोलताना लीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, हे तर बसतच नाही कशात.

बिजलीने ताटातले लाडू पाहिले. दोन लाडू तिने खाल्ले, उभ्यानेच.

१९ जानेवारी

काही नाही. नळ आला नाही.

२० जानेवारी

वाचनालयातून आलो तर घरात वरच्या मजल्यावरच्या शीलाताई बसलेल्या. नर्स आहेत. ड्यूटीमुळे यायला जमलं नाही म्हणाल्या. घरात पहिल्यांदाच कुणी बाई आली. मी बूट काढत होतो.

"किती वय होतं काकू, आईचं?"

"कोनाच्या आईचं?"

"तुमच्या."

बिजलीने माझ्याकडे पाहिलं. मी लेस सोडवत होतो.

"लय म्हतारी होती," ती म्हणाली. "एक दात नव्हता तोंडात. पन हरबरे खाये."

"रविवारी मी घरी नव्हते. किसनकाकांनी सांगितलं."

"काय सांगतलं?"

मी आत जाऊन तोंड धुतलं. नळ जोरात सोडला. बाहेर दोघींचं बराच वेळ हळू आवाजात चाललं होतं. शीलाताईंचं एक वाक्य मोठ्याने आलं, "आम्ही हे पाळत नाही काकू, म्हणून तर आले." मग मोठ्याने हसू. मी टॉवेल घेऊन बाहेर आलो तर शीलाताईंनी ओढणी तोंडाला लावलेली. त्या लाडू खात होत्या. दुसरा हातात होता.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "बाई चांगली आहे."

"हाव."

"काय म्हणत होती?"

"काई नाही. मायची आठवन काढली."

माझा अंदाज आहे, बिजलीला ते दहा वर्षांपूर्वीचंच वाटलं असणार. कुणी आईविषयी विचारलं तर माणूस सांगतंच. विषय तिथेच संपला, हे बरं झालं.

रात्री ती भांडी घासताना एकदा मधेच थांबली आणि हसली. कशाला हसली विचारलं. म्हणाली, "भांड्याले."

२२ जानेवारी

मी निर्णय घेतला. परत जायचं.

शहर वाईट नाही. रस्ते रुंद आहेत, दवाखाने आहेत, वाचनालयात आता खिडकीजवळची एक खुर्ची माझी म्हणून सुटते. पण बिजलीसाठी आलो होतो. तिला एकाही घरचं बोलावणं नाही. बिल्डिंगमध्ये रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं. बाया नटून जिन्यातून जातात आणि आमच्या दाराशी आल्या की बोलणं थांबवतात. एकीने तर बांगड्या धरून ठेवल्या, वाजू नयेत म्हणून. मी पाहिलं. एवढा दुजाभाव मला खेड्यातही दिसला नव्हता. शिकलेली माणसं जास्त सफाईने करतात.

संध्याकाळी तिला सांगितलं. देवीलालला उद्या फोन करतो.

ती मेथी निवडत होती. "शुक्रवारपावतर थांबा," म्हणाली.

"शुक्रवारी काय आहे?"

"शुक्रवार हाय."

"तुला इथे करमत नाही, मला दिसतं आहे."

"तुमाले लय दिसते," ती म्हणाली आणि काड्या वेगळ्या केल्या.

२३ जानेवारी

किसनराव जिन्यात भेटले. आज पहिल्यांदा पूर्ण आवाजात बोलले.

"गुरुजी, उद्याची काळजी करू नका. सतरंज्या माह्याकडे हायत. पंगत गच्चीवर घेऊ. पोळ्या लीला अन् बाकीच्या बाया लाटतीन, ते त्यायनं आपसात वाटून घेतलं."

"कसली पंगत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोच हात दंडावर. "होते असं. माही माय गेली त्या वक्ताले मलेही तारीख समजत नव्हती. तेरवी, गुरुजी. वहिनीनं सकाळीच घरोघरी जाऊन सांगतलं."

मी वर आलो. बिजली ओट्यावर चढून वरचं मोठं पातेलं काढत होती.

"कुणाची तेरवी?"

"मायची."

"तिची तेरवी झाली आहे. मीच वाढत होतो."

"तवा वाढलं न? मंग उद्याही वाढजा." तिने पातेलं माझ्याकडे दिलं. "तुमी तिले इथं आनून पुन्हा मारली. तवापासून ते बसली हाय माह्या दारात. येनारी बाई तिले पाहून वापस जाते. तिले उठवा लागन का नाही?"

मी पातेलं धरून उभा होतो. हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. पतंग. बांगड्या. लीलाबाईंचं ताट. सगळी बसली आणि मग मी कुठे उभा आहे तेच कळेना.

"मी आत्ता खाली जातो. सांगून टाकतो सगळ्यांना."

"काय सांगसान?"

"खरं ते."

"अन् मंग रोज कोनत्या तोंडानं जासान खालून?" ती ओट्यावरून उतरली. गुडघा धरला, थोडं थांबली. "मले तं काई नाही. मी म्हनीन, रडनं आमची रीत हाय. मले लाज नाही त्याची. तुमचं पाहा."

ती रागावली आहे की तिला हसू येतं आहे, मला सांगता येत नाही. रोज म्हणाली ती. 'रोज कोणत्या तोंडानं.' हा शब्द आत्ता लिहिताना लक्षात आला.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळपासून घरात बाया. पोळपाट कुणाचं, लाटणं कुणाचं, काही पत्ता नाही. शीलाताई सुट्टी काढून कांदे कापत होत्या आणि मला पाहिलं की खाली बघत होत्या. बिजलीने चुरमा केला, आमच्या पद्धतीचा, गूळ-तुपाचा. लीलाबाई तिच्या बाजूला बसून विचारत होत्या, गूळ कितीक, तूप कधी. बिजली सांगत होती. मी दारातून पाहत होतो. शोक असलेल्या घरात जसं दिसावं तसं काही दिसत नव्हतं. पण माझा अंदाज आजकाल चुकतो.

जमनी दुपारी आली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. बिजली तिला घ्यायला दारापर्यंत गेली आणि दोघींनी गळ्यात गळा घातला. सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

इतकी वर्षं हे रडणं ऐकतो आहे. शब्द कधी ऐकले नव्हते. बायकांचं म्हणून सोडून देत होतो. आज ऐकले. सगळ्या बिल्डिंगसमोर, चालीवर, गोरबोलीत बिजली म्हणत होती:

आई गं, तुझा जावई शिकलेला, त्याने तुला पुन्हा मारली. आई गं, एक हो म्हणाला आणि मी हिरवी साडी नेसून दारात बसले. आई गं, बायका चांगल्या, भाकरी चांगली, नळ दाराशी, आणि मला कुणी बोलवेना. आई गं, तू ऊठ आता, मला इथे राहायचं आहे. आई गं, याला तांड्याची लाज, त्या लाजेपोटीच तांड्यात माघारी चालला.

एवढ्या माणसांत एकालाही कळलं नाही. मला कळलं आणि जमनीला. जमनीला मधेच हसू फुटलं. चाल तुटली. तिने तोंड बहिणीच्या खांद्यात खुपसलं. लोकांना तो हुंदका वाटला आणि दोन बाया तिची पाठ चोळायला पुढे झाल्या. लीलाबाई सगळ्यांपेक्षा जास्त रडत होत्या. त्या दोघींजवळ गेल्या, कसं धरायचं ते न कळून दोघींच्या मिळून गळ्यात पडल्या आणि आपलंच काहीतरी बोलू लागल्या. एका बहिणीचं नाव घेत होत्या. त्यांचं कोण गेलं आहे की कोण यायचं राहिलं आहे, मला माहीत नाही.



पंगतीत जमनी म्हणाली, "कायचं जेवन हाय बाई?"

"मायचं."

"बरं केलं," जमनी म्हणाली आणि चुरमा मागून घेतला.

जेवणं झाल्यावर किसनरावांनी मला सतरंजीवर बसवलं. पिशवीतून दुखवट्याचा नवा दुपट्टा काढला, घडी मोडून माझ्या खांद्यावर टाकला. "बिल्डिंगकडून," म्हणाले. त्यांच्यामागून आणखी दोघांनी टाकले. इथे येऊन एवढे दिवस झाले, पण या लोकांनी मला पहिल्यांदाच मधोमध बसवलं होतं. मी तोंड उघडलं. किसनरावांचा हात दंडावर आला.

"बोलू नका, गुरुजी. सावकाश."

बिजली पलीकडे पाणी वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या घेऊन पुढच्या पानाकडे गेली.

मी बोललो नाही. दुपट्टे तिन्ही खांद्यावर आहेत. लिहितानाही काढले नाहीत. लायकी नाही म्हणून काढावेत, की दिलेत म्हणून ठेवावेत? रात्री बिजलीला विचारलं, गोरबोलीत. ती मराठीत म्हणाली, "थंडी हाय, राहू द्या."

२५ जानेवारी

सकाळी नळ आला. मी पाणी भरलं. आठच्या सुमारास लीलाबाई आल्या, बिजलीला कुंकू लावलं आणि संध्याकाळी तळमजल्यावर किसनरावांकडे हळदीकुंकवाला चला म्हणून सांगून गेल्या. जाताना त्यांच्या हातात डबा होता. बिजलीने त्यात लाडू भरून दिले होते. त्यांनी उंबऱ्यातच एक तोंडात टाकला.

मी देवीलालला फोन करायला मोबाइल शोधत होतो. तो बिजलीच्या हातात होता. ती त्याच्याशीच बोलत होती.